उरलेले चार मीटर

रंजिता आडे शेवटच्या प्रात्यक्षिकात नापास झाली. असं अजून तरी काहीही झालेलं नाही. दुपारचे दोन वाजलेत, आणि यवतमाळच्या एका कॉलेजातल्या व्यायामशास्त्राच्या लॅबमध्ये तिचे आजोबा गुलाबसिंग निळ्या शाईच्या परातीत पाय बुडवून उभे आहेत.

परीक्षा साधी. म्हाताऱ्या माणसानं दहा मीटर पांढऱ्या कागदावर न थांबता चालायचं, रंजितानं ठशांवरून पावलांमधलं अंतर मोजायचं. माणूस थांबला की चाचणी बाद. बाहेरून आलेले परीक्षक वामनराव यांची सही झाली की पदवी. फुलसावंगीजवळच्या तिच्या बंजारा तांड्यानं तिला तीन वर्षं एकच विचारलं होतं, "चालाची बी डिग्री असते का वं?"

गुलाबसिंग निघाले. तीन ठसे स्वच्छ उमटले. चौथ्यापासून त्यांच्या डाव्या अंगाला खुरं उमटू लागली. तीही निळी.

"हे काय?" वामनराव म्हणाले.

"दादा, थांबू नको!" रंजिता आजोबांना ओरडून म्हणाली.

सहा मीटरवर गुलाबसिंग थांबले आणि कागदावरच मांडी घालून बसले. शेजारचा कागद करकरला, दबला. निळा डाग पसरत पसरत बसल्या बैलाएवढा झाला.

"दादा, ऊठ नं! चारच मीटर राह्यले."

"मी कसा उठू? तो बसला नं." गुलाबसिंगांनी तंबाखू मळायला घेतली. "आपले लोक बैलावर मीठ लादून फिरत, तवा पुढचा बैल बसला का तांडा तिथंच उतरे. तो उठला का निघे. माह्या बापानं हे कधी मोडलं नाही."

"मले तर बैल दिसून नाही राह्यला," वामनराव म्हणाले.

"मले बी नाही दिसत, साहेब. पन बसला."

वामनरावांनी तक्त्यावर 'नापास' लिहिलं, पेन खिशात खोचलं आणि दाराकडं निघाले. डागापाशी त्यांनी पाय उचलला. तो पुढं पडेचना. त्यांनी दुसरा उचलून पाहिला. मग परत येऊन 'नापास' खोडलं आणि पुन्हा जाऊन पाहिलं. तेच.

"बाबा, सांगा नं त्याले," ते गुलाबसिंगांना म्हणाले.

"त्याले कोन सांगन?"

वामनराव हळूच मांडी घालून बसले. कागद वर-खाली होत होता, एका लयीत. कोणीतरी सावकाश रवंथ करत होतं.

पाच वाजता रंजितानं एक कोरी पुरवणी घेतली. वामनराव सांगत गेले, ती लिहीत गेली, आणि खाली दोघांनी सह्या केल्या.

'मा. कुलगुरू महोदय, परीक्षार्थीचा निकाल उरलेल्या चार मीटरांवर अवलंबून असल्याने, सदर बैल स्वतःहून उठेपर्यंत परीक्षेची वेळ वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.'