आप्पांच्या उरलेल्या गोळ्या

पाण्यातले औषधांचे अंश धरून ठेवणारी खास माती तयार करायचं काम दिपाली चाकणच्या एका लॅबमध्ये करते. वडिलांच्या दहाव्याला सरांचा फोन आला. "घाटावर आहेसच, तर नदीच्या पाण्याची एक बाटली भरून आण."

पिंडाला कावळा शिवला. भाऊ निरंजन आप्पांच्या उरलेल्या फिटच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून नदीत सोडू लागला. "ताई, गेलेल्या माणसाचं काही घरात ठेवू नये." तिनेही दोन स्ट्रिपा रिकाम्या करून दिल्या आणि खालच्या पायरीवर बाटली भरली.

तेरावं उरकून ती कामावर गेली आणि बाटलीतलं पाणी मातीतून गाळून तपासलं. रिपोर्ट बघून सर खूश झाले. "फिटच्या औषधाचा अंश भरपूर होता, मातीने सगळा धरला. पाणी एकदम स्वच्छ! आता ती माती टाकून दे."



दिपालीने माती डब्यात भरली आणि निरंजनला न सांगता घरी नेली.