काचेच्या बागेतली भुरी

मंगळावरच्या काचेच्या बागेत त्या सकाळी मातीतून एक हरिणी घडली. यंत्रानं तिच्यात श्वास फुंकला, आणि ती धुक्यात थरथरत उभी राहिली. केझियाबाई तिचं अंग पुसू लागल्या. त्यांची अकरा वर्षांची नोकरी आज संपत होती. दुपारच्या यानानं त्या राहुरीला लेकीकडे निघणार होत्या.

बागेचा नियम एकच होता. जनावराला जो नाव देईल, त्यानं ते जगेल तोवर इथंच राहून त्याला सांभाळायचं. म्हणून परतीची वाट बघणारे जनावरांना आकड्यानंच हाक मारत.

हरिणीचा पाय घसरला.

"सावकाश गं भुरे," केझियाबाई बोलून गेल्या. माहेरच्या शेळ्यांशी बोलायची जन्माची सवय.

हरिणीनं कान टवकारले आणि त्यांच्या तळहातात नाक खुपसलं.

नोंद घेणाऱ्या अमोसरावांचा हात थांबला. "बाई, मी काही ऐकलं नाही," ते हळूच म्हणाले. "तुम्ही निघा."

केझियाबाईंना चर्चमध्ये पाळक असलेले आपले वडील आठवले. देवानं आदामाला जनावरांना नावं द्यायला सांगितलं, ते बाग राखायचं काम सोपवल्यावरच, असं ते म्हणत.

काचेपलीकडच्या यानाकडे त्यांनी एकवार पाहिलं.

"तुम्ही नसेल ऐकलं, अमोसराव," त्या म्हणाल्या. "हिनं ऐकलंय."