तळ्यापलीकडची खोपी

"त्या खोपीत नाही. दुसरीकडे कुठंही जा," इंगा म्हणाली आणि तिने नकाशावर तळ्यापलीकडे टेकलेलं बापाचं बोट बाजूला केलं.

ऊलाने बोट पुन्हा तिथंच नेलं. शब्दांच्या बाबतीत हा माणूस पहिल्यापासून कंजूष. त्याच्या शेजारी नवा कोरा स्वेटर घालून हेल्मी बसली होती. दक्षिणेकडची, शहरातली, बरीच वर्षं एकटीने काढलेली. मार्चमध्ये बर्फ टणक झालं की दोघं स्कीवरून आठवडाभर रानात जाणार होती. इंगाच्या आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. इंगा नको म्हणाली तर ऊला हेल्मीबरोबर रानात जाणार नव्हता आणि तिला घरातही आणणार नव्हता. हे तिघांनाही ठाऊक होतं.

हेल्मीने विषय बदलून पाहिला. "कॉफी किती घ्यायची रे?"

"तू पिणार असशील तर दोन पोती."

हेल्मी खळखळून हसली. इंगाला ते हसणं झोंबलं. बाबांनी अशी चेष्टा करायची ती आईची. याच टेबलाशी, जानेवारीतल्या असल्याच अंधाऱ्या दुपारी. आई रेनडिअरचं सुकवलेलं मांस कापत बसायची आणि बाबा स्कीला मेण घासायचे. खोपीत पोचलं की चुलीवर बर्फ वितळत ठेवायचं. आई गरम कॉफीत चीजचे तुकडे टाकायची आणि तळाशी मऊ झालेला तुकडा चमच्याने इंगाला भरवायची. काय सुखाचे दिवस होते ते! आठवण आली की इंगाला रडू फुटायच्या आधी राग यायचा.

"खोपी सगळ्यांची आहे, पोरी. तिला कुलूपसुद्धा नाही," ऊला म्हणाला.

"माझ्या आईची आहे ती!" इंगा हेल्मीकडे वळली. "तुम्हाला सांगतेच. मी लहान होते. बाहेर वादळ. आम्ही दुपारीच पोचलो होतो. चूल पेटलेली, अंथरुणं घातलेली. जेवणं झाली आणि दार वाजलं. पाच माणसं, भुवयांवर बर्फ साचलेलं. आत पाय ठेवायला जागा नाही. आईने शब्दही न बोलता आमची अंथरुणं गुंडाळली आणि बाहेर तंबू ठोकायला घेतला."

"लेकराला घेऊन? वादळात?" हेल्मीला पटेना. "अगं, पण आधी तर तुम्ही आला होता ना?"

"शहरात असेल तसं. इथं आधी आलेल्यानं उठायचं असतं. मागून येतो तो गारठलेला असतो, दमलेला असतो. मी तर भोकाडच पसरलं. आपली जागा आहे, मी नाही उठणार. तेव्हा आई..."

इंगा थांबली.

ऊलाने मान वर केली. त्या वादळात तंबूची दोरी धरून तोच उभा होता, त्यामुळे पुढचं त्याला ठाऊक होतं.

"काय म्हणाल्या त्या?" हेल्मीने हळूच विचारलं.

इंगाचे डोळे भरून आले. या वेळी राग आलाच नाही. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग हेल्मीकडे.

"म्हणाली, रडू नकोस. आपली ऊब घेऊन झालीय. आता मागून आलेल्याला आत येऊ दे."