बंडप्पांच्या समोरचं रान

पेरणीची तिफण समाधीच्या पार जवळ आली, तरी मल्लम्माच्या तोंडून शब्द फुटेना.

बांधापलीकडं बैलगाडी जुंपून तयार होती. मोगलाई बुडाली, सरहद्दीवरचं नाकं ओस पडलं, आणि रझाकारांच्या भीतीनं सरहद्दीअलीकडच्या खालसा मुलखात पळून आलेली माणसं येरमाळ्याकडं आपापल्या गावी निघाली. मल्लम्माचा लेक महांतप्पा मघापासून घाई करत होता. पण तिचा पाय निघावा कसा? तिचे मालक, बंडप्पा, इथंच गेले, ह्या परक्या रानात. कुळवताना समाधीचा तेवढा तुकडा वगळला होता खरा. पण तेव्हा ती इथं होती. आता माघारी कोण बघणार? तिफणीचे फण मालकांच्या अंगावरून जाणार, ह्या विचारानं तिचं काळीज तुटत होतं.

आणि बोलणार तरी कुठल्या तोंडानं? रान उत्तरेश्वरचं. त्यानं वर्षभर ह्या सगळ्यांना गोठ्यात आसरा दिला, भाकरी घातली. मालक गेले तेव्हा बिचारा न सांगता सरणासाठी गाडीभर लाकडं घेऊन आला होता. लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून माती देतात, हे कळल्यावर लाकडं मुकाट्यानं परत नेली आणि स्वतः कुदळ घेऊन आला. असल्या माणसाला आता जमीनही सोड म्हणायचं?

समाधीपाशी येऊन उत्तरेश्वरनं तिफणीचे बैल थांबवले.

"आक्का, तुमच्यात बसवून ठेवत्यात न्हवं? मग मालकांचं तोंड कुणीकडं हाय?"

"उगवतीला," मल्लम्मा कशीबशी म्हणाली. "गावाकडं, दादा."

उत्तरेश्वरनं तिकडं पाहिलं. रानाच्या कडेला बांध, त्यामागं बालाघाटाचे डोंगर.

"ज्वारी पार डोक्यावर जाती. मग त्यास्नी गाव कसं दिसायचं?"

तिफणीमागं त्याची बायको म्हाळसाबाई चालत होती. ती मुठीतलं बी चाड्यात सोडायची आणि ते फणांतून मातीत पडायचं. उत्तरेश्वरनं तिला हातानंच दाखवलं: समाधीपासून थेट उगवतीच्या बांधापर्यंत काही पेरायचं नाही. म्हाळसाबाईनं मान डोलावली. मल्लम्माला रडू आवरेना.

गाडी हलली. ती मागं तोंड करून बसली. तिफण रानात आडवी येत होती, जात होती, आणि समाधीच्या समोर आली की दर खेपेला म्हाळसाबाईची मूठ मिटत होती.