लाल फडकं

पेरणीयंत्र ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर यायचं. ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोचा भाऊ अशाच एका यंत्राला मागून मोटारसायकल धडकून जागीच गेला, तेव्हापासून ती स्वतःच्या हाताने यंत्रामागे लाल फडकं बांधल्याशिवाय नवऱ्याला फाटकाबाहेर पडू देत नसे.

आज चौकात मांडव घातला होता. रस्ता सुरक्षा सप्ताहाचं उद्घाटन! पाहुणे कात्री घेऊन उभे आणि फीत आणायचीच राहिलेली. तेवढ्यात ट्रॅक्टर चौकात आला आणि हवालदाराची नजर मागच्या फडक्यावर गेली.

"काका, दोन मिनिटं द्या हो हे."

"अहो साहेब, ते जिवाच्या कामाचं आहे!"

"मग हे काय लग्नकार्य आहे?" म्हणत त्याने गाठ सोडलीसुद्धा.

फडकं कचकन कापलं गेलं, टाळ्या पडल्या. शेतीचं अवजार रस्त्यावर आणताना मागे लाल फडकं हवंच, हे पाहुण्यांनी चांगलं अर्धा तास समजावून सांगितलं. तोवर उरलेल्या तुकड्यांची फुलं होऊन मांडवातल्या मानकऱ्यांच्या छातीवर लागली होती. ट्रॅक्टरवाला फडकं मागायला गेला, तर कुणीतरी खेकसलं, "आधी ते धूड हलवा, साहेबांची गाडी अडलीय!"

तो पचकन थुंकला आणि त्याने ट्रॅक्टर काढला.

चौक ओलांडतो न ओलांडतो तोच शिट्टी वाजली. छातीवर लाल फूल मिरवत मघाचाच हवालदार आडवा आला.



"काय काका, मागे फडकं नाही? कुणाचा जीव घ्यायचाय का?"