चौथी पट्टी

“पदक ‘उतारावरचं घर’लाच मिळायला हवं होतं,” शामल म्हणाली. “शेवटी ती नदीवर परत येते, तिथं मी रडले.”

“नदी कुठली? माळरान आहे ते,” इरफान म्हणाला.

हल्ली चित्रपट बघणाऱ्याच्या आठवणींतून, त्याच्या एकट्यासाठीच तयार व्हायचे, त्यामुळे असले वाद नेहमीचे होते. पण कोल्हापूरच्या या मंडळाचा एक शिरस्ता होता. पुरस्काराचा निकाल आपण पुन्हा लावायचा, आणि चित्रपट एकत्र बघितल्याशिवाय मताला हात वर करायचा नाही.

म्हणून बापूनं आपल्यासकट तिघांच्या कपाळावरच्या, आठवणी टिपणाऱ्या पट्ट्या एकाच पडद्याला जोडल्या.

नदी आली नाही, माळरानही आलं नाही. तिघांच्याही आठवणीत होतं तेवढंच उरलं. मंडळाची हीच खोली आली, खिडकीजवळची वेताची खुर्ची आली आणि त्या खुर्चीत शेंगा सोलत बसलेला दिगंबर आला. दिगंबर मंडळातला चौथा. दिवाळीत या तिघांनीच त्याला खांदा दिला होता.

“बंद कर ते,” शामल पुटपुटली.

बापूनं पट्टी काढली, मग त्या दोघांनीही काढल्या. चित्र गेलं नाही.

“मग आता हे कुणाच्या आठवणीतून चाललंय?” इरफाननं विचारलं.

दिगंबरच्या कपाळावर पट्टी होती. पडद्याकडे बघावं तसं तिघांकडे एकटक बघत त्यानं डोळे पुसले आणि सावकाश हात वर केला.

“यालाच मिळायला हवं होतं,” तो म्हणाला.