शोधलेली ओळ

ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या बाई रोज सकाळी संगणकावर एक गोष्ट आवर्जून बघत: वाचकांनी काय शोधलं आणि त्यांना काय मिळालं नाही. गेले काही दिवस तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसत होती, ‘आई मला ओळखत नाही’. उत्तरही ठरलेलं, एकही पुस्तक नाही.

बाईंना चुटपुट लागली. स्मृतिभ्रंशावरची चांगली पुस्तकं तर कपाटात होती, पण घायकुतीला आलेल्या लेकराला एवढा जड शब्द सुचणार कसा? त्यांनी त्या सगळ्या पुस्तकांच्या नोंदीत ती ओळ जशीच्या तशी घातली.

“असा विषय आपल्या नियमांत बसत नाही,” ग्रंथपाल म्हणाले.

“दुःख नियमात बसवून कोण शोधतं, सर?”

ग्रंथपालांनी मग फार ताणलं नाही.

त्याच आठवड्यात एक तरुणी त्यातलं एक पुस्तक घेऊन बाईंच्या टेबलापाशी आली. “शोधल्यावर हे आलं. पण याशिवाय दुसरं काही आहे का?”

तीच ही, बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि हलक्या आवाजात विचारलं, “आईंना कधीपासून आठवेनासं झालंय?”

“तिला सगळं आठवतं,” ती म्हणाली. “मी माझ्या मनानं लग्न केलं. आता मी रस्त्यात समोर आले, की आई सोबतच्या बाईला सांगते, ‘कोण आहे कुणास ठाऊक, मी नाही ओळखत हिला.’”